आधी तपासणी कुणाची?

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी वस्तीत नाहीतर गावच्या शाळेत फळ्यावर एक्स आणि वाय काढले असतील. बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. बाई देणार ती एक्सच, मग मुलगी झाली याचा दोष बाईवर कसा? हा धडा आपण गेली चाळीस वर्षं देतो आहोत. १९८८ साली महाराष्ट्रात गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा झाला, देशातला पहिला. त्याच्याही आधीपासून आपण तो देत होतो. कितीतरी बायका तो ऐकून रडल्या आहेत, हे तुम्ही पाहिलंय, मीही पाहिलंय.

आज मी त्याच फळ्यावरचा पुढचा धडा सांगायला उभी आहे. मुलगी झाली तर बाईचा दोष नाही, हे आपण सांगितलं. पण मूलच झालं नाही तर? तिथे मात्र आपल्याही तोंडून पटकन निघतं, "तिला काही प्रॉब्लेम आहे का गं?" परवा मी स्वतः असं बोलले. जीभ चावली, पण बोलून गेले होते.

मी डॉक्टर नाही. गुणसूत्रं तपासणाऱ्या एका लॅबमध्ये सव्वीस वर्षं तंत्रज्ञ होते. सुरुवातीच्या काळात आम्ही रक्ताच्या पेशी तीन दिवस वाढवायचो, काचेवर पसरायचो, सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायचो. मग तो फोटो धुवून त्यातलं एकेक गुणसूत्र कात्रीनं कापायचं आणि उंचीप्रमाणे जोड्या लावून कागदावर डिंकानं चिकटवायचं. सेहेचाळीस चिठ्ठ्या. एखादी पंख्याच्या वाऱ्यानं उडाली की टेबलाखाली शोधायची. पुढे कॉम्प्युटर आला, कात्री गेली. पण मला अजून जोड्या लावायची सवय आहे, भाजी निवडतानासुद्धा.

त्या कात्रीच्या काळातलीच गोष्ट सांगते. मला चांगलं म्हणवणारी ती नाही.

एक बाई आली होती. सत्तावीस वर्षांची, लग्नाला नऊ वर्षं झालेली. पिशवीतून तिनं फाईल काढली ती ही एवढी जाड. नळ्यांचा एक्स-रे दोनदा. दुर्बिणीतून तपासणी दोनदा, दोन्ही वेळा भूल देऊन. पिशवी साफ केलेली. हार्मोनच्या गोळ्या किती महिने, त्याचा हिशेब तिलाही लागत नव्हता. शिवाय उपास, अंगारे आणि दोन ठिकाणचे नवस, ज्यांचे कागद नसतात. त्या सगळ्या फाईलमध्ये नवऱ्याचा एकही कागद नव्हता. नऊ वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं, आणि एकदा कुणी सांगितलं तेव्हा सासूनं उत्तर दिलं होतं, "तो धडधाकट आहे, त्याला कशाला?" घरात दुसरेपणाची मुलगी बघायला सुरुवात झाली होती.

मग एका नव्या डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं की नवऱ्याचा रिपोर्ट आल्याशिवाय मी बाईला हात लावणार नाही. वीर्यतपासणी झाली. शुक्राणू शून्य. पुन्हा केली, पुन्हा शून्य. म्हणून त्याचं रक्त आमच्याकडे आलं. मी चिठ्ठ्या चिकटवत गेले आणि शेवटी एक एक्स उरला. पुन्हा मोजले. सत्तेचाळीस. एक्स-एक्स-वाय.

खरं सांगते, मला आनंद झाला. त्या बाईची फाईल मी पाहिली होती ना! सुटली, असं वाटलं. रिपोर्ट समजावणं माझं काम नव्हतं, ते डॉक्टरांचं. पण ती, तिचा नवरा आणि सासू बाहेर बाकावर बसले होते, आणि मी जाता जाता थांबून बोलले, "अहो, तुमच्यात काही दोष नाही. दोष यांच्यात आहे." आजूबाजूला सात-आठ माणसं होती. तो नवरा उठला आणि जिना उतरून गेला.

महिन्याभरानं ती एकटी आली. तो चार दिवस घरी आला नव्हता. बातमी आमच्या बाकावरून गावात पोचली होती. पारावर पोरं त्याला हिजडा म्हणून हाक मारत होती. आणि सासरे सासूला म्हणत होते, "तुझ्याच पोटचं आहे ते." म्हणजे फिरून फिरून पुन्हा एका बाईवरच. ती मला म्हणाली, "ताई, नऊ वर्षं मला बोलत होते, मला सवय झाली होती. यांना नव्हती हो." मला काय उत्तर द्यावं ते कळेना. तिला सवय व्हावी हेच मुळात चूक आहे, पण त्या क्षणी तिला हे ऐकवण्याचा अधिकार मी गमावला होता.

पुढे त्या दोघांनी काय ठरवलं ते मला माहीत आहे, पण ते त्यांचं आहे. इथे सांगत नाही.

आपली भाषाच बघा. वांझ म्हणजे बाई, गाय, म्हैस, झाड. वांझोटा राग असतो, वांझोटी चर्चा असते, पण वांझोटा नवरा असं कुणी म्हणत नाही. मूल न होणाऱ्या पुरुषासाठी जे शब्द आहेत, नामर्द, षंढ, नपुंसक, ते सगळे भलतंच सांगतात. शरीरसंबंध करता न येणं वेगळं आणि वीर्यात शुक्राणू नसणं वेगळं. ज्याच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही असा पुरुष नव्व्याण्णव बाबतींत इतर कुठल्याही नवऱ्यासारखाच असतो. दाढी-मिशा असतात, संबंध होतात, वीर्यही येतं. डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून तर "धडधाकट आहे" हे उत्तर नसतं. आणि म्हणूनच त्या पुरुषाला वाटतं की रिपोर्टात शून्य आलं म्हणजे आपली मर्दानगी शून्य झाली. पुरुष तपासणीला घाबरतो तो सुईला नव्हे, या शब्दांना. (वीर्यतपासणीत तर सुईही नसते!) हिजडा हा शब्द शिवी म्हणून वापरणं हा त्या समाजावरचा वेगळा अन्याय आहे. त्यावर एक वेगळं सत्र व्हायला हवं.

आता माहितीकडे येऊ. मूल होत नाही अशा जोडप्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा बाईकडच्या कारणाबरोबर. तरीही पहिली पायरी बाईची का? वीर्यतपासणी सगळ्यात सोपी, काही शे रुपयांची, भूल नाही, कापाकापी नाही. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा आणि तो तासाभरात तपासायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरमागे एक कोटी साठ लाख शुक्राणू ही खालची रेषा धरली आहे. त्याखाली आला म्हणजे मूल होणारच नाही असं नव्हे, तसंच त्यावर आला म्हणजे होईलच असंही नव्हे. एका रिपोर्टावर निर्णय करायचा नाही. मोठा ताप येऊन गेला तरी आकडा काही आठवडे पडतो, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून पुन्हा तपासायचं.

कमी येण्याची कारणं पुष्कळ: वयात आल्यावर झालेला गालगुंडांचा आजार, वृषणाच्या फुगलेल्या शिरा, लहानपणी खाली न उतरलेलं वृषण, संसर्ग, तंबाखू, भट्टीपाशी काम. आणि हल्ली व्यायामशाळेत मिळणारी इंजेक्शनं. हे नीट लक्षात ठेवा, गावात सांगा: ताकदीचं किंवा पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन बाहेरून घेतलं की शरीर स्वतःचे शुक्राणू बनवणं कमी करतं, कधी बंदच करतं. मूल व्हावं म्हणून घेतलेलं औषधच मूल होऊ देत नाही.

पण आकडा फारच कमी असेल, पन्नास लाखांच्या खाली, किंवा शून्य असेल, तर कारण जन्मापासूनचं असू शकतं. तिथे रक्ताच्या तपासण्या येतात. त्या मुख्यतः तीन.

पहिली आमची, गुणसूत्रांची. त्या नवऱ्यात सापडलेला जादा एक्स ही यातली सगळ्यात जास्त आढळणारी गोष्ट. १९४२ साली बोस्टनच्या हॅरी क्लाइनफेल्टर यांनी अशा पुरुषांचं वर्णन केलं म्हणून त्यांचं नाव त्याला मिळालं. कारण मात्र १९५९ साली एडिंबरामध्ये पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी शोधलं. सूक्ष्मदर्शकापाशी बसून गुणसूत्रं मोजणारी ती बाई मला नेहमी आपल्यातली वाटत आली. साधारण सहाशे मुलग्यांमागे एकजण असा जन्मतो. म्हणजे तुमच्या तालुक्यात कितीतरी असतील, आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ता नसतो. ही गोष्ट घराण्यातून येत नाही. बीज तयार होताना वाटणीत झालेली चूक असते, आणि ती साधारण निम्म्या वेळा आईकडच्या बीजात, निम्म्या वेळा बापाकडच्या. "तुझ्याच पोटचं" म्हणणाऱ्या त्या सासऱ्यांना मला हे सांगायचं होतं. अशा पुरुषांना थकवा, हाडांचा ठिसूळपणा, मधुमेह यांचा धोका जास्त असतो, म्हणून मूल नको असलं तरी त्यांना हे कळायला हवं. त्यांना पुरुषी हार्मोन देतात, पण मुलाची इच्छा असेल तर आधी शुक्राणू मिळतात का ते पाहतात. वृषणातून बारीक शस्त्रक्रियेनं शोधले तर चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास पुरुषांत ते सापडतात.

याच तपासणीत आणखी एक गोष्ट कळते. कधी दोन गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत जागा बदलून बसलेले असतात. माणूस ठणठणीत असतो, पण गर्भ पुन्हा पुन्हा पडतो. आणि तो गर्भ बाईच्या पोटातून पडतो, म्हणून बोल तिला लागतो. कारण नवऱ्याच्या गुणसूत्रांत असू शकतं. दोन-तीन गर्भपात झालेल्या बाईबरोबर दवाखान्यात गेलात तर दोघांच्याही गुणसूत्रांचं विचारा.

दुसरी तपासणी वायची. आपल्या फळ्यावरचा तोच रुबाबदार वाय! १९७६ साली इटलीत लुचानो तिएपोलो आणि ओरसेत्ता झुफार्दी यांनी १,१७० पुरुषांची गुणसूत्रं पाहिली. त्यात सहाजण असे निघाले की वायचं शेपूट तुटलेलं आणि वीर्यात एकही शुक्राणू नाही. त्यावरून कळलं की शुक्राणू घडवण्याची किल्ली तिथे आहे. पुढे त्या भागाचे ए, बी, सी असे तीन तुकडे मानले गेले. हे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत, त्यासाठी पीसीआर नावाची तपासणी लागते. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेनं शुक्राणू नसलेल्या भारतीय पुरुषांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला, त्यात सुमारे साडेआठ टक्क्यांत वायचा तुकडा गळालेला होता. या तपासणीचा उपयोग अगदी व्यवहारी आहे. ए किंवा बी तुकडा पूर्ण गळालेला असेल तर शस्त्रक्रिया करूनही शुक्राणू मिळत नाहीत. म्हणजे ऑपरेशन, खर्च, आशा, सगळं वाचतं. सी गळालेला असेल तर पुष्कळदा मिळतात. पण मग मुलगा झाला तर त्याच्याकडे तोच तुटका वाय जाणार, प्रत्येक मुलाकडे. वंशाचा दिवा म्हणतात त्याच्याकडे हाही वारसा जातो. हे आधी सांगितलं गेलं पाहिजे.

तिसरी जरा वेगळी. काही पुरुषांत शुक्राणू तयार होतात, पण त्यांना बाहेर आणणाऱ्या दोन्ही नळ्या जन्मतःच नसतात. अनुभवी डॉक्टरांच्या हाताला ते कळतं. याचा संबंध बहुतेकदा सीएफटीआर नावाच्या जनुकाशी असतो, आणि त्याच जनुकातल्या बिघाडानं मुलांना सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा गंभीर आजार होतो. अशा वेळी बाईचीही तपासणी लागते. तिच्यातही तोच बिघाड लपलेला असेल तर आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक, कधी दोनात एक असते. इथे बाईला तपासणं योग्यच आहे. बाईला तपासूच नका असं मी म्हणत नाही.

या सगळ्यानंतर इक्सी येते, म्हणजे एक शुक्राणू सुईनं स्त्रीबीजात सोडायचा. १९९२ साली ब्रुसेल्सहून ते जाहीर झालं. टेस्ट ट्यूबची पद्धत मुळात नळ्या बंद असलेल्या बायकांसाठी निघाली होती. इक्सीनं ती पुरुषाच्या कारणासाठी वापरात आणली. म्हणजे बाईच्या नळ्या उघड्या, पाळी नियमित, सगळं नीट, तरी रोज इंजेक्शनं तीच घेते. एकाच वेळी खूप बीजं पिकवली जातात, भूल देऊन सुईनं काढली जातात. क्वचित बीजकोष इतके सुजतात की पोटात पाणी भरून बाईला दवाखान्यात ठेवावं लागतं. आणि सगळीकडे नाव पडतं, "तिची ट्रीटमेंट चालू आहे." मूल नको असेल तर ऑपरेशन बाईचं, मूल हवं असेल तरी बाईचंच. मी इक्सीच्या विरोधात नाही. कितीजणींनी ती समजून-उमजून, आनंदानं स्वीकारली आहे. पण ज्या बाईला नवऱ्याचा रिपोर्टच दाखवलेला नाही, तिची सही ही संमती कशी? २०२१च्या सहाय्यित पुनरुत्पादन कायद्यानं दोघांची लेखी संमती आणि समुपदेशन सक्तीचं केलं आहे. तुम्ही सोबत गेलात तर आधी हे विचारा की तिला कारण माहीत आहे का. दात्याचं वीर्य वापरायचं असेल तर तेही नोंदणी झालेल्या बँकेतूनच आणि दोघांच्या संमतीनं. तिला न सांगता किंवा त्याला न सांगता नव्हे. सासूच्या आग्रहाखातर दिराची व्यवस्था करण्याच्या गोष्टी तुम्हालाही माहीत आहेत.

एक धोका मला दिसतो तो बोलून टाकते. वाय मुलाकडे जातो, मग मुलीचाच गर्भ निवडा, असा सल्ला ऐकायला बरा वाटतो. मुलगीच निवडतोय ना! पण गर्भ निवडण्याची खोली एकदा उघडली की तिथून काय बाहेर येतं ते आपण पाहिलेलं आहे. १९९४च्या कायद्यात २००३ साली दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्यात आली, ती आपल्याच रेट्यामुळे. तिथे आपलं लक्ष राहू द्या.

दुसरा धोका सासूबाईंचा. शुक्राणूंसाठी लागणारी काही जनुकं एक्सवर असतात. टेक्स-११ नावाच्या अशा एका जनुकातला बिघाड २०१५ साली प्रसिद्ध झाला. पुरुषाचा एक्स आईकडूनच येतो. उद्या रिपोर्टात हे येईल आणि साठीच्या बाईला म्हणतील, "बघ, तुझ्यामुळे." तिनं काही निवडलं नव्हतं. तिला माहीतही नव्हतं. सून सुटली आणि सासू अडकली, यात आपण काय मिळवलं?

आणि हेही सांगा की तपासण्या करूनही पुष्कळ पुरुषांत कारण सापडत नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे पुन्हा वळून बाईकडे बघायचं, असं नाही.

मग आपण काय करायचं? बाई एकटी आली तर नवऱ्याचा कागद कुठे आहे, हे विचारायचं. तो येत नसेल तर त्याला एखाद्या पुरुष कार्यकर्त्यानं, एकट्याला गाठून सांगायचं. पारावर नाही, पोस्टर लावून नाही. रिपोर्ट दोघांना, बंद खोलीत. नातेवाइकांना काय आणि किती सांगायचं ते दोघांनी ठरवायचं. एखादी बाई म्हणाली, "माझ्यावरच राहू दे", तर लगेच तिला भित्री ठरवू नका. पण मारहाण होत असेल, सवत आणायचं चाललं असेल, तर तो कागद तिच्या संरक्षणाचा आहे, त्याची एक प्रत तिच्याजवळ हवी. मूल न होणं हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही. पहिली बायको असताना दुसरी करणं हा गुन्हा आहे, पूर्वी कलम ४९४ होतं, जुलै २०२४पासून नव्या संहितेत ते ८२ झालं आहे.

आणि हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला ज्या बाईला मागच्या रांगेत बसवतात तिची ओटी आपण भरू शकतो. त्यासाठी कुठलीच तपासणी लागत नाही.

मागच्या टेबलावर मी गुणसूत्रांचा एक जुना कागद ठेवला आहे, डिंकानं चिकटवलेला. तो कुणा पेशंटचा नाही, आम्ही शिकताना माझ्याच रक्तातून केलेला आहे. चहाच्या वेळी बघा, मोजून बघा. नंतर प्रश्न घेऊ. मोठ्यानं विचारायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, नाव नको.